वाचनालयाची अभ्यासिका झाली, तर बिघडलं कुठे?

तापीकाठचा
आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वाचनकक्ष मोडून अभ्यासिका केलीय. प्लायवूडचे आडोसे, खणाखणात चार्जिंगचा पॉइंट, भिंतीवर चालू घडामोडींची कात्रणं. पोरं सकाळी सहाला दारात उभी. जुने सभासद म्हणतात, वाचनालय बुडालं. मला नाही पटत. वाचनालयाचं काम काळाप्रमाणे बदलतच आलंय. पुण्यात 1848 ला नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेव्हा वर्गणी परवडणारे मूठभर शिकलेले लोक तिथे जायचे. खेड्यातल्या कुणब्याचा आणि बाईमाणसाचा तिथे काय संबंध? आज भरतीच्या पोराला टेबल-खुर्ची हवीय, वाचनालय देतंय. त्यात गळे कसले काढायचे?

पांझरेकर
आडोशांचं दुःख नाही हो, कपाटांना कुलपं लागली त्याचं आहे. ती पोरं स्वतःचीच गाईडं पिशवीत घालून आणतात ना? मग वाचनालयानं दिलं काय, पंखा आणि उजेड. एवढं तर मंगल कार्यालयातही मिळतं.

कामं बदलली हे कबूल, पण धुळ्याकडे बघा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 1926 च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच गेले आणि लगेच 1927 मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं, का तर त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद मातीत जाऊ नयेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून जमवलेली जुन्या हस्तलिखितांची बाडं धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. त्या दोन्ही ठिकाणी कथा-कादंबरी घरी न्यायला कुणी जात नाही. तीही ग्रंथालयंच, पण मध्यभागी कागद आहे. तुमच्या अभ्यासिकेत मध्यभागी काय आहे? वायफायचा पासवर्ड.

तापीकाठचा
@पांझरेकर बाडं जपणं वेगळं आणि सार्वजनिक वाचनालय वेगळं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1931 च्या पाच सूत्रांतलं शेवटचं विसरलात का? ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. वाढणारी वस्तू आकार बदलणारच.

पांझरेकर
आणि पहिलं सूत्र? ग्रंथ उपयोगासाठी आहेत. सोयीचं तेवढंच सूत्र उचलू नका.

रावेरची लेक
दोघांचं वाचलं. मी 'ड' वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. म्हणजे झाडलोट, दाखल नोंदवही, देवघेव आणि अनुदानाचे कागद, सगळं मीच. ह्या वादात पैशाचं कुणी बोलतच नाही, म्हणून लिहिते.

तामिळनाडूत 1948 च्या कायद्यानं मालमत्ता करावर ग्रंथालय कर बसवला. आपल्या 1967 च्या कायद्यात तसला कर नाही. आपल्याकडे वाचनालय चालवायचं संस्थेनं, सरकार देणार अनुदान, तेही अ-ब-क-ड वर्ग बघून. अनुदान थकलं की सेक्रेटरी वीजबिल कुठून भरणार? कथा-कादंबरीच्या सभासदाची वर्गणी वाढवली तर तो नाव काढून घेतो. अभ्यासिकेचा मुलगा महिन्याच्या महिन्याला फी देतो. आडोसे त्यासाठी उभे राहतात, काळाबिळासाठी नाही.

कवळाण्याच्या पोराचं, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं उदाहरण द्या ना कुणीतरी! सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयांचे जाणकार बॉर्डन साहेबांना बोलावून बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत धाडायचे. कारण साधं होतं: 1906 ला शिक्षण सक्तीचं केलं, पण शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं पुसलं जातं. राज्यानं खर्च उचलला म्हणून ते चाललं.

आणि 'कुणी वाचत नाही' हे तर बोलूच नका. केळीच्या बागेतून परतताना बाया दुपारी माझ्याकडे थांबतात. एक काकू डोक्यावरचा रुमाल सोडून आधी हात पुसतात, मगच पुस्तकाला हात लावतात. दिवाळी अंक तर होळीपर्यंत फिरत असतात, शेवटी कव्हर गळून पडतं. ह्या काकूंना सकाळी सहा ते रात्री दहा पोरांनी भरलेल्या खोलीत पाय ठेवायला जागा आहे का, ते सांगा.

भरतीवाला_एरंडोल
ताई, तुन्हं बरोबर शे. पण आमचं पण ऐका. घरी दोन खोल्या, सहा माणसं, टीव्ही चालू. मे महिन्यात पत्र्याखाली 44-45 डिग्री. वाचनालय नसतं तर मी शेतातल्या पंपाच्या खोलीत बसलो असतो. पुस्तकं वाचत नाही म्हणता, पण कपाट उघडं असतं तर वाचली असती ना. किल्ली शिपाईदादाकडं आणि दादा चहाला. मीच तीनदा मागून कंटाळलो.

पांझरेकर
हेच तर म्हणतोय सकाळपासून! मुक्तद्वार पद्धत ठेवा, वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्या, मग अभ्यासिका खुशाल चालवा.

तापीकाठचा
मुक्तद्वार केलं की पुस्तकं पळतात, तेव्हा वसुली ग्रंथपालाकडून होते. कार्यकारिणीत बसलो की हे कळतं.

रावेरची लेक
पळतात थोडी. पण कुलपात ठेवलेल्यांना वाळवी लागते, त्याची वसुली कुणाकडून करता?

तापीकाठचा
बरं ताई, तुमच्या काकूंसाठी दुपारी दोन ते चार एक टेबल मोकळं आणि किल्ल्या देवघेवीच्या टेबलावर. पुढच्या सभेत मांडतो. पण पोरं कुरकुरतील.

भरतीवाला_एरंडोल
दोन ते चार आम्ही जेवून झोपतोच भो. कूलर तेवढा बंद करू नका.