सॉफ्टवेअरचं नूतनीकरण: ४२ परवान्यांवर सही करू का?

टेबल_तीन:
सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ऑफिस आहे आमचं. मी मूळचा आवक-जावकचा, पण "तुला कळतंय की" म्हणून संगणकाचं टेबल माझ्या गळ्यात. ऑफिस सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन संपतंय. पुरवठादारानं ४२ परवान्यांचं दरपत्रक धाडलंय, वर १८ टक्के जीएसटी. कीबोर्डला हात लावणारी माणसं आमच्यात २७. साहेब म्हणतात, मार्चअखेर आलाय, तरतूद लॅप्स होण्यापेक्षा घेऊन टाका. पण लोकल फंडवाले (हिशेब तपासणारे ऑडिटर) आले की उत्तर मलाच द्यायचंय. शिवाय १४ पीसी विंडोज १० वर आहेत, त्यांचं काय?

निवृत्त_लेखा:
सहीच्या आधी एकच विचारा, ॲडमिन पॅनलचा पासवर्ड कुणाकडं आहे? बहुतेक पुरवठादाराकडंच असणार, आणि गोम तिथंच. पॅनलवर परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, शेवटचा वापर कधी झाला तेही काढता येतं. बदली झालेले, निवृत्त झालेले, सोडून गेलेले कंत्राटी ऑपरेटर, सगळे तिथं अजून हजर असतात.

सबस्क्रिप्शन माणसाच्या नावावर. तो गेला की काढून दुसऱ्याला देता येतं, नवीन घ्यावं लागत नाही. मशीनबरोबर आलेलं ओईएम विंडोज मात्र त्या मशीनचंच. पीसी निर्लेखित झाला, म्हणजे नोंदवहीतून बाद झाला, की तेही गेलं. हा फरक जडवस्तू नोंदवहीत (डेडस्टॉकच्या वहीत) मी कधी बघितला नाही. माउससुद्धा नोंदवतात, खुर्चीला नंबर टाकतात, आणि दरवर्षी पैसे खाणाऱ्या सॉफ्टवेअरला रकाना नाही! वेगळी वही घाला: परवाना, कुणाकडं किंवा कुठल्या मशीनवर, मुदत, देयक क्रमांक. आस्थापनेला सांगून कार्यमुक्तीच्या आदेशाची एक प्रत तुमच्या टेबलला येऊ द्या. ना-देय दाखल्यात एक ओळ वाढली की निम्मं काम झालं.

लॅप्सचं म्हणाल तर उरलेली रक्कम समर्पित, म्हणजे परत, करता येते. त्यात कमीपणा नाही. "तरतूद होती म्हणून घेतलं" असं मात्र ऑडिटला लिहून देऊ नका. आणि हा आवर्ती खर्च आहे, अंदाजपत्रकात दरवर्षी मागावाच लागणार.

पूर्वभाग_नेटवर्क:
दादा, २७ तरी कशाला? पत्र आणि साधे तक्ते करणाऱ्यांना लिबरऑफिस पुरतं, फुकट आहे. केंद्राचं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ पासून आहे, टिपणीत तेवढा संदर्भ टाका. अडतं ते दोन ठिकाणी: मॅक्रो (आपोआप काम उरकणाऱ्या आज्ञा) घातलेल्या एक्सेल फायली, आणि 'सुरेख' नावाच्या जुन्या मराठी फॉन्टातली पत्रं. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की सगळी अगम्य अक्षरं. लोक शिव्या सॉफ्टवेअरला देतात. ती पत्रं आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येतं त्या मराठीत) फिरवून घ्या, मगच बदला, नाहीतर पहिल्याच दिवशी बोंब होईल.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संस्थांना पुढची सुरक्षा विकत मिळते: पहिल्या वर्षी मशीनमागं ६१ डॉलर, पुढं दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे तिन्ही मिळून ४२७ डॉलर! त्यापेक्षा प्रोसेसर बघा. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर बहुधा विंडोज ११ फुकटात चढेल. बाकीच्यांवर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घाला. केरळच्या सरकारी शाळा कधीपासून त्यावरच चालतात.

टेबल_तीन:
पासवर्ड पुरवठादाराकडंच होता. साहेबांच्या सहीचं पत्र गेल्यावर दिला. यादीत ९ जण बदली-निवृत्तीचे, ४ जुने ऑपरेटर, आणि २ नावं आमच्यात कुणालाच ओळखू येईनात. लेखा आणि आस्थापना मिळून ८ जणांचं मॅक्रोवाचून चालत नाही. तर मागणी ८ ची करू की २७ ची?

निवृत्त_लेखा:
यंदा २७. लिबरऑफिस आधी दोन टेबलांवर चालवून बघा, पत्रं नीट उघडली तर पुढच्या मागणीत आकडा खाली आणा. एकदम ८ केले आणि एक जरी तक्ता वेळेत गेला नाही, तर साहेबच पुन्हा ४२ घेतील. आणि ती दोन नावं नुसती खोडू नका. आपल्या फायली कुणाला दिसत होत्या ते पुरवठादाराकडून लेखी मागवा.