'वाचलेले' की 'उरलेले'?

प्रश्न : थिओडोर जेरिकोच्या 'मेदूसाचा तराफा' या तैलचित्राची ओळख लिहितेय. 'वादळात जहाजाला जलसमाधी मिळाल्यावर वाचलेले प्रवासी' हे वाक्य बरोबर वाटतं का? की 'बचावलेले' हवं?

प्रतिसाद : आधी ती 'जलसमाधी' काढा. वर्तमानपत्रांनी तिचा पार चोथा केलाय. शिवाय इथे ती चूकच आहे. मेदूसा हे फ्रेंच जहाज जुलै १८१६ मध्ये आजच्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यापासून दूर, उथळ पाण्यात वाळूवर चढलं. वादळामुळे नव्हे, कप्तानाच्या नालायकीमुळे. त्यामुळे 'जहाज रुतलं' म्हणा. 'फुटलं' म्हटलं की खडकावर आपटल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद : 'तराफा' मात्र चपखल. होड्या पुरेशा नव्हत्या म्हणून डोलकाठ्या आणि लाकडं बांधून तो तिथल्या तिथे केला होता. त्यावर सुमारे दीडशे माणसं चढवली. होड्यांनी तो ओढत न्यायचा असं ठरलं होतं, पण थोड्याच वेळात दोर सोडून दिले.

प्रश्नकर्ती : 'रुतलं' घेते. पण 'वाचलेले'चं काय?

प्रतिसाद : 'बचावलेले' नकोच. 'अपघातातून थोडक्यात बचावले' ही बातमीची भाषा, त्यात संकट टळलेलं असतं. 'वाचलेले'ही मला घाईचं वाटतं. चित्रात उजव्या टोकाला, पिंपावर चढलेला माणूस फडकं हलवतोय बघा. तो ज्याला खुणावतोय ते 'आर्गस' जहाज क्षितिजावर जेमतेम ठिपक्याएवढं आहे. तराफ्याचं शीड फुगलंय तेही उलट्या दिशेला. डावीकडे एक म्हातारा मांडीवरचं प्रेत धरून पाठ फिरवून बसलाय, त्याला जहाजाशी काही देणंघेणं नाही. ही माणसं अजून वाचलेली नाहीत, नुसती उरली आहेत. मी 'उरलेले' लिहीन.

प्रतिसाद : 'उरलेले' म्हणजे ताटातलं अन्न वाटतं हो! आणि 'मागे उरलेले' म्हटलं की मयताच्या घरची माणसं डोळ्यांपुढे येतात.

प्रतिसाद : म्हणून 'तराफ्यावर उरलेली माणसं' असं पूर्ण लिहायचं, मग ताट आठवत नाही. शिवाय हिशेबही जुळतो : तेरा दिवसांनी पंधरा जण जिवंत सापडले आणि त्यांतलेही काही जण लवकरच दगावले.

प्रश्नकर्ती : मग असं : 'जहाज वाळूत रुतल्यावर तराफ्यावर सोडून दिलेल्यांपैकी उरलेली माणसं.'

प्रतिसाद : झकास. 'सोडून दिलेल्यांपैकी' अजिबात गाळू नका. १८१९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नावातून 'मेदूसा' वगळून नुसतं जहाज फुटल्याचं दृश्य असं मोघम लिहिलं होतं, तरी बघणाऱ्यांनी काय ते ओळखलंच.