मदत हवी आहे: तांड्यावरच्या शाळेत वाचन आणि कला एकत्र कशी आणायची?

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या बंजारा तांड्यांवरच्या शाळांत पहिली-दुसरीच्या शिक्षकांना वाचन-लेखनासाठी मदत करते. मुलं घरी गोरबोली (बंजारा भाषा) बोलतात, पुस्तक मराठी. शिक्षक मेहनती आहेत, पण ‘कला जोडा’ म्हटलं की भिंतीवर वारली चित्रं काढून मोकळे! अहो, वारली पालघर-ठाण्याकडची. इथल्या पोरांच्या घरात आरसे-कवड्यांचा कशिदा आहे, होळीची लेंगी गाणी आहेत.

माझ्या डोक्यात तीज आहे. श्रावणात तांड्यातल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. एखादं गाणं आधी गोरबोलीतच देवनागरीत लिहायचं, मुलांनी रोज कोंबाचं चित्र काढून खाली एक ओळ लिहायची, मग हळूहळू मराठीकडे यायचं. अडचण अशी की बहुतेक शिक्षकांना गोरबोली येत नाही, आणि आजी गाणं सांगत असताना आपण मुलांत बसायचं हे त्यांना अवघड जातं. वर निपुण भारतची, म्हणजे लहान वर्गांत वाचन-लेखन आणि गणिताचा पाया पक्का करण्याच्या सरकारी मोहिमेची, उद्दिष्टं. ‘यात वाचन कुठंय?’ असं विचारतात, आणि ते रास्तच आहे.

कुणी असं काम केलंय का? एका दिवसाच्या प्रशिक्षणाने भागत नाही असं माझं मत. वर्गात शिक्षकासोबत उभं राहून सुरुवात कशी केलीत? वाचनाची प्रगती कशी नोंदवलीत? आजींना मानधन कुठून दिलंत? फुकट बोलवायला मन धजत नाही. नंदुरबार, मेळघाटातल्या शिक्षकांनी जरूर लिहा. गाण्यांचं लेखन तपासून देणारं गोरबोली जाणणारं कुणी भेटलं तर फारच बरं.