मदत हवी आहे: नाचणाऱ्या पट्ट्यांमुळे लॅपटॉप तापतोय

मंडळी, लॅपटॉप जुना आहे, 4 जीबी रॅम, विंडोज 10. त्यावर रेनमीटर (डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान असं काही दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं आणि हौसेने घड्याळ, हवामान आणि गाणं लागलं की नाचणाऱ्या पट्ट्या अशा तीन स्किन (त्यातली छोटी विजेट) लावल्या. दिसतं झकास, पण पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. टास्क मॅनेजर उघडला तर गाण्याशिवाय काही चालू नसताना सीपीयू 20 टक्क्यांवर. पट्ट्यांची स्किन अनलोड केली की लगेच 3 वर. म्हणजे चोर तीच.

तिची आयएनआय फाइल (स्किनच्या सेटिंगची साधी मजकूर फाइल) नोटपॅडमध्ये उघडली. घड्याळात अपडेटचा आकडा 1000 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला एकदा. पट्ट्यांत 16! म्हणजे सेकंदाला साठेक वेळा सगळं नव्याने काढायचं. तो 50 केला तर पंखा गप्प झाला, पण पट्ट्या वरातीत दमलेल्या पाहुण्यांसारख्या अडखळत नाचतात.

मधला मार्ग काय? 16 तसाच ठेवून गाण्याचं नाव वगैरे मजकुराला अपडेट-डिव्हायडर (तेवढा भाग दर वेळी नाही, काही अपडेटनंतर एकदाच बदलायची सेटिंग) लावला तर पुरेल, की पट्ट्याच कमी करू? सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशनही (चित्र काढायचं काम सीपीयूऐवजी ग्राफिक्स चिपवर टाकणं) दिसतंय. इतक्या जुन्या ग्राफिक्सवर ते चालू करावं का? स्वतः करून पाहिलेल्यांनी सांगा. ‘नवा लॅपटॉप घे’ हे घरी रोज ऐकतोय.