रिक्वायरमेंट म्हणजे गरज, मागणी की ‘पाहिजे’?

प्रश्न (कोपरखैरणे)
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतोय. काय काय करायचं ठरलं, तो कागद गाळ्यावरच्या लोकांनाही वाचता यावा म्हणून मराठीत लिहायला घेतला आणि मथळ्यापाशीच अडलो. ऑफिसात सगळे ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात. मी ‘मागण्या’ लिहिलं, तर मालक म्हणाले, “मागण्या युनियनच्या असतात.” ‘आवश्यकता’ निविदेतला शब्द वाटतो. ‘गरजा’ चालेल का? या शब्दांच्या अर्थांत नेमका फरक काय?

प्रतिसाद (ठाणे, नौपाडा)
मालकांचं बरोबर आहे. मागणी तोंडाने करावी लागते; मुलीला मागणी घालतात तीसुद्धा बोलूनच. गरज मात्र न बोलताही असते.

‘गरज’ आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आली. तिकडे तिचा अर्थ हेतू, उद्देश. अरबीत नेमबाजाच्या लक्ष्यालाही हाच शब्द आहे. मराठीत ती उणिवेकडे झुकली, तरी “तुला मध्ये बोलायची काय गरज होती?” यात जुना हेतू अजून ऐकू येतो. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९९० च्या पारिभाषिक कोशात रिक्वायरमेंटची व्याख्या साधारण अशी आहे: अडचण सोडवण्यासाठी किंवा उद्दिष्ट गाठण्यासाठी वापरणाऱ्याला लागणारी स्थिती किंवा क्षमता. अडचण आणि उद्दिष्ट, ‘गरज’ या शब्दात दोन्ही मावतात. माझं मत ‘गरज’.

प्रतिसाद (ऐरोली)
‘नड’ विसरू नका. गरज कितीही मोठी आणि लांबची असू शकते, नड मात्र आत्ता, इथे काम अडवते. ‘निकड’ त्याहून घाईची. कुठलं काम आधी करायचं हे लिहिताना ‘निकडीचं’ हा शब्द उपयोगी पडेल.

मूळ प्रश्नकर्ता
‘नड’ वाचून थांबलो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मालक म्हणाले होते, “मला रोजचा रिपोर्ट पाहिजे.” आवक, गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई असे अकरा रकाने करून दिले. तीन आठवडे तो कुणी उघडलाच नाही. शेवटी एका पहाटे गाळ्यावर जाऊन बसलो. गाड्या उतरत होत्या आणि मेहताजींचा (गाळ्याचा हिशेब लिहिणाऱ्यांचा) फोन थांबत नव्हता. पलीकडून शेतकरी विचारायचे, “माझी पट्टी किती झाली?” (विकलेल्या मालाचा, खर्च वजा जाता हाती येणाऱ्या रकमेचा हिशेब म्हणजे पट्टी.) मेहताजी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने वही चाळत होते. एकाच गावचे, एकाच आडनावाचे सहा जण. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगितला गेला, की पुढच्या खेपेला तो माल शेजारच्या गाळ्यावर उतरतो. या चुका मालकांना संध्याकाळी कळायच्या, म्हणून त्यांनी रिपोर्ट मागितला होता. नड होती बोलता बोलता पट्टी सापडण्याची. गाव किंवा फोन नंबर टाकला की पट्टी समोर येईल एवढं केलं, आणि ते त्याच दिवसापासून वापरात आलं.

पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन बसायला हवं होतं, ही चुटपुट मला अजून आहे.

प्रतिसाद (ठाणे, पाचपाखाडी; मराठीची निवृत्त शिक्षिका)
मालकांच्या वाक्यातला ‘पाहिजे’ तपासा. जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘जाणिजे’ अशी कर्मणी रूपं होती. त्यांतली ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’ आपल्या रोजच्या बोलण्यात टिकली. ‘पाहिजे’ आला ‘पाहणे’तून: जे पाहिलं जातं, शोधलं जातं, ते. ‘अपेक्षा’तही संस्कृत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हाच धातू आहे. उपेक्षा, परीक्षा, निरीक्षण ही तिचीच भावंडं. तुम्ही पहाटे जाऊन बसलात ते निरीक्षण, आणि अपेक्षा त्यातूनच कळली. मला हे फार आवडलं.

आता सावधगिरीची गोष्ट. ‘पाहिजे’ला दोन अर्थ आहेत. “मला रिपोर्ट पाहिजे” ही इच्छा, “पट्टी त्याच दिवशी दिली पाहिजे” हे बंधन. शंका आली तर वाक्य उलटं, म्हणजे नकारार्थी, करून विचारा. उत्तर ‘नको’ आलं तर इच्छा, ‘नये’ किंवा ‘चालणार नाही’ आलं तर बंधन.

प्रतिसाद (ऐरोली)
मग इच्छेला ‘हवं’ आणि बंधनाला ‘पाहिजे’ अशी वाटणी केली तर?

प्रतिसाद (ठाणे, पाचपाखाडी)
टिकणार नाही. “मला चहा हवा” आणि “आता निघायला हवं”, तिथेही तोच दुहेरी अर्थ आहे.

मूळ प्रश्नकर्ता
‘नको’ आणि ‘नये’ची परीक्षा आज गाळ्यावर करून पाहिली. ‘पट्टीवरचं वजन बदललं तर आधीचंही दिसलं पाहिजे’ ही ओळ मी मालकांची हौस समजून शेवटी टाकली होती. उलटं करून विचारलं, तर ते लगेच म्हणाले, “आधीचं वजन लपवून पट्टी देऊ नये. शेतकऱ्याचा विश्वास जातो.” ती ओळ आता सगळ्यात वर आहे.

मथळा ठेवला ‘गाळ्याच्या गरजा’. मेहताजींनी कागद शांतपणे वाचला आणि पेन मागून खाली स्वतःची एक ओळ लिहिली: “फोनवर असताना एक हात मोकळा लागतो.” त्यांनी ‘पाहिजे’ही वापरला नाही आणि ‘हवा’ही. या ‘लागतो’बद्दल कुणी सांगेल का?