नव्या स्पेस गेमचं आधीच बुकिंग करू का?

तापीकाठ (यावल): राम राम मंडळी. कांदेबाग केळीची कटती झाली, हातात थोडे पैसे आलेत, आणि जीव परत स्पेस गेममध्ये अडकलाय. 'एक्सोडस' 2027 च्या सुरुवातीला येणार म्हणतात. 'द एक्सपान्स: ओसायरिस रीबॉर्न' 2025 ला जाहीर झाला. नव्या 'मास इफेक्ट'चा टीझर तर 2020 चा. आधीच बुकिंग करू की थांबू?

विचारतोय कारण मागे एका गेमला अर्धवट असतानाच पैसे भरले होते आणि बनवणाऱ्यांनी काम मध्येच सोडून दिलं. यान उडतं, पण ग्रहावर उतरलं की पाय जमिनीत रुततात आणि गेम बंद पडतो. लहान भावाने महिनाभर वाट पाहिली होती. त्या दिवशी तो जेवलासुद्धा नाही.

लॅपटॉप 1650 ग्राफिक्स कार्डवाला आहे. मे महिन्यात दुपारी कीबोर्डला बोट लावता येत नाही, म्हणून केळीच्या रिकाम्या क्रेटवर ठेवून खेळतो. 'स्टारफील्ड' 125 जीबी जागा आणि किमान 1070 टीआय हे त्याहून तगडं कार्ड मागतो, म्हणजे तो विषयच मिटला. नवे याहून जड निघतील हीच धास्ती आहे.

आणि मला हजार ग्रह नकोतच. रात्री पाण्याची पाळी असते, मोटर चालू करून बांधावर बसलं की वर सगळं आभाळ दिसतं. गेमने दहाच ग्रह द्यावेत, पण बागेतली ओळ न् ओळ जशी ओळखीची असते तसे ओळखीचे व्हावेत.

रात्रपाळी (भुसावळ): आधी पैसे भरू नको भो. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट 2016 ला आला तेव्हा अर्धवट म्हणून लोक किती चिडले होते! खरा मल्टिप्लेअर (इतरांसोबत मिळून खेळणं) 2018 च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये आला, तोही फुकट. जे थांबले त्यांना भरलेला गेम मिळाला. 'स्टार सिटिझन' तर 2012 पासून गेम बनवायला लोकांकडून वर्गणी घेतोय.

तोवर जुना 'कर्बल' घे, रॉकेट बनवून उडवायचा गेम आहे, नेट नसलं तरी चालतो. माझी मुलगी सातवीत आहे. नुसतं सरळ वर गेलं तर यान खालीच येतं, कक्षेत राहायला आडवं पळावं लागतं, हे तिला कितीतरी रॉकेटं फुटल्यावर उमगलं. पहाटे ड्युटीवरून आलो तर दारातच सांगायला उभी.

पाटणची ताई (चाळीसगाव): बुकिंग करू नकोस हे पटलं, पण 'एक्सोडस'वर माझी फार आशा आहे. मी फिजिक्स शिकवते. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करून परतलं की घरी पिढ्या उलटलेल्या असतात, त्यावरच तो गेम उभा आहे. आमच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढल्याची नोंद आहे. आपण मागे ठेवलेलं पुढच्यांनी काय केलं, हे परत येऊन बघायला मिळणं केवढी मोठी गोष्ट! गेममध्ये ते फक्त संवादात उरकलं तर मला खरंच वाईट वाटेल.

तुला ओळखीचे ग्रह हवेत ना? 2019 चा 'आउटर वाइल्ड्स' घे. ग्रह मोजकेच, दर 22 मिनिटांनी सूर्य फुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालेल.

तापीकाठ (यावल): ताई, घेतला. भावाने यान तीनदा सूर्यात घातलं, चौथ्यांदा चंद्रावर उतरवलं आणि मला हाक मारली. बुकिंगचे पैसे ठेवून देतो. 'एक्सोडस' इथल्या कुणी पहिल्या आठवड्यात घेतला तर 1650 वर चालतो का तेवढं नक्की लिहा.