वडिलांच्या पॅनवर अनोळखी कर्ज : फुकटच्या देखरेखीवर किती विसंबावे?

माणदेशी (प्रश्न)

माझे वडील ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आयुष्यात घरासाठी एकदाच कर्ज काढले आणि ते २००९ मध्ये फेडूनही टाकले. गेल्या महिन्यात आम्ही बँकेत गेलो, तेव्हा त्यांच्या नावावर एका ॲपवरून घेतलेले १८,००० रुपयांचे कर्ज थकलेले असल्याचे अधिकाऱ्यांनी दाखवले. वडील साधा फोन वापरतात, त्यामुळे त्यांनी ॲपवरून कर्ज घेण्याचा प्रश्नच नाही. पॅन आणि आधारच्या छायाप्रती मात्र त्यांनी सिमकार्डाच्या दुकानापासून यात्रेतल्या लॉजपर्यंत कुठे कुठे दिल्या असतील, हे आता त्यांनाही सांगता येत नाही.

कर्ज नऊ महिन्यांपूर्वीचे आहे आणि या काळात आम्हाला एकही संदेश आला नाही. क्रेडिट स्कोअर फुकट दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवर त्यांचे नाव नोंदवले असते तर हे वेळीच कळले असते का? की त्यासाठी पैसे भरून एखादी योजना घ्यावी लागते?

खतावणी

मी बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून आधी हातातल्या कामाविषयी लिहितो. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करून कर्जाचा करारनामा, केवायसीची कागदपत्रे आणि पैसे कोणत्या बँक खात्यात जमा झाले याचा तपशील मागा. तो खातेक्रमांक वडिलांचा नसेल, तर तुमच्या बाजूने त्याहून मोठा पुरावा नाही. कटकट मिटावी म्हणून थोडी रक्कम भरून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण भरलेला हप्ता म्हणजे कर्जाची कबुली असा अर्थ पुढे काढला जाऊ शकतो. १९३० या क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. दुसऱ्याची ओळख वापरून केलेली फसवणूक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी (66C) आणि ६६डी (66D) नुसार गुन्हा आहे.

त्याच वेळी क्रेडिट ब्युरोकडेही, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, हरकत नोंदवा. ब्युरो स्वतःच्या अधिकारात नोंद पुसत नाही, तो कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारतो. परंतु तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क असे चार ब्युरो आहेत आणि त्या प्रत्येकाने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकेका ब्युरोचा अहवाल मागवला की एक पैसाही न भरता वर्षभर नजर राहते.

चष्मेवाला

खतावणी यांची तीन-तीन महिन्यांची युक्ती चांगली आहे, पण तिच्यात एक फट आहे. कर्ज मंजूर झाले की त्याची नोंद चारही ब्युरोंकडे पोहोचणे अपेक्षित असते. अर्ज आल्यावर होणारी चौकशी मात्र कर्ज देणारी संस्था ज्या ब्युरोकडे करते, त्याच्याच अहवालात दिसते. ज्या भामट्याचा अर्ज फेटाळला गेला, त्याचा माग म्हणूनच उरलेल्या तिघांकडे सापडणार नाही. तुमच्यासारखा प्रकार एकदा घडल्यावर चारही अहवाल एकदमच मागवावेत आणि तीन महिन्यांचे चक्र त्यानंतर सुरू करावे.

दुसरे असे, की स्कोअरकडे पाहत बसू नका. ७८० चा ७७० झाला, एवढ्याने काहीच कळत नाही. आधी संपर्काचा भाग वाचा. वडिलांचा कधीच नसलेला मोबाईल क्रमांक किंवा कधी न पाहिलेल्या गावाचा पत्ता तिथे दिसला, तर त्यांच्या नावाने कोणीतरी अर्ज केला आहे असे समजावे. त्यानंतर चौकश्यांची यादी आणि शेवटी खाती पाहावीत.

फुकटच्या ॲपविषयी माझे मत जरा कडू आहे. ती बहुधा एक-दोन ब्युरोंचाच अहवाल दाखवतात आणि त्यांची कमाई तुम्हाला कर्जे व कार्डे विकण्यातून होते. वडिलांना दिवसाला चार फोन येऊ लागले, तर त्यातला खरा कोणता आणि खोटा कोणता हे त्यांना कसे कळणार? अहवाल थेट ब्युरोच्या संकेतस्थळावरून घ्यावा. पैसे भरून घेतलेल्या योजनेत अहवाल वारंवार पाहता येतो, परंतु तिनेही कर्ज रोखले जात नाही.

आणि संदेश का आला नाही, याचे उत्तर कदाचित साधेच असेल. अहवाल कोणी पाहिला की ब्युरोने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवावा, असाही नियम आहे. पण त्यासाठी ब्युरोकडे चालू क्रमांक हवा. वडिलांचा कोणता क्रमांक तिथे आहे, ते तपासले का?

परदेशी पाखरू

मी न्यू जर्सीत राहते. इक्विफॅक्समधून २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा आमच्या घरीही धांदल उडाली होती. इथे स्वतःची पतनोंद गोठवता येते आणि सप्टेंबर २०१८ पासून तिन्ही मोठ्या ब्युरोंकडे ही सोय कायद्याने फुकट आहे. नोंद गोठलेली असताना नव्या सावकाराला ती पाहता येत नाही, म्हणून तो सहसा कर्ज देत नाही. देखरेख म्हणजे कुत्रा भुंकणे आणि गोठवणे म्हणजे दाराला कडी, असे मी माझ्या मुलांना सांगते.

हे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. आमच्यासारख्या अनेकांचे भारतातले पॅन चालू असते आणि जुना भारतीय मोबाईल क्रमांक मात्र कधीच बंद झालेला असतो. सूचना जाते ती त्या बंद क्रमांकावर. चष्मेवाल्यांचा शेवटचा प्रश्न वाचून मी काल पहिल्यांदाच माझा भारतातला अहवाल मागवला.

माणदेशी

सर्वांचे आभार. चारही अहवाल मागवले. वडिलांच्या नावापुढे २०१४ साली बंद केलेला क्रमांक निघाला आणि एका अहवालात, आम्ही कधी न पाहिलेला दुसरा क्रमांकही. त्याच अहवालात आणखी दोन चौकश्या आहेत, कर्ज मात्र एकच. कंपनीने पैसे जमा केलेल्या खात्याचे शेवटचे चार आकडे कळवले असून ते वडिलांच्या कोणत्याही खात्याशी जुळत नाहीत. ब्युरोकडे हरकत नोंदवून आज अकरा दिवस झाले. वडिलांचा सध्याचा क्रमांक बँकेत नोंदवला आहे. बँका ब्युरोंना ठरावीक दिवसांनी माहिती पाठवतात, त्यामुळे पुढच्या अहवालात तो दिसायला हवा. आपल्या नावावरची सिमकार्डे दाखवणाऱ्या सरकारी संचार साथी पोर्टलवर पाहिले, तर वडिलांच्या नावावर तीन सिमकार्डे आहेत आणि त्यांतले एक आमचे नाही. ते बंद करण्याची विनंती आताच टाकली.

खतावणी

त्या सिमकार्डाच्या विनंतीची पोच पोलीस तक्रारीला जोडा. अर्जातला अनोळखी क्रमांक आणि हे सिमकार्ड एकच निघाले, तर तपासाला धागा मिळेल.